पाटी आणि पटांगण

जानेवारी महिन्यात ज्यांचे वास्तव्य चेन्नईस असेल, त्यांनी नंदनम येथील वाय. एम. सी. ए. च्या मैदानावर एकदा तरी जाऊन यावे. अलीकडे बरीच वर्षे पोंगलच्या सुमारास शहराचा मोठा ग्रंथमेळा याच मैदानावर भरत आला आहे. एरवी जेथे मुले धावतात, चेंडू फेकतात, गुडघे फोडून घेतात, तेथे काही दिवस पुस्तकांची दुकाने मांडलेली असतात, आणि आईबापांचा हात धरून आलेली मुले त्या पुस्तकांतून वाट काढीत असतात. प्रथम हे दृश्य पाहिले तेव्हा प्रस्तुत लेखकास मौज वाटली. खेळाच्या मैदानावर ग्रंथांनी यावे, हा मुलांनी ग्रंथालयात जाऊन खेळ मांडण्याइतकाच विपरीत प्रकार आहे, असे मनात आले. पुढे त्या मैदानाचा इतिहास चाळला, तेव्हा ध्यानात आले की विपरीत काहीच नाही. पाटी आणि पटांगण ही एकाच शिक्षणाची दोन अंगे आहेत, हा विचार शंभर वर्षांपूर्वी याच शहरात एका संस्थेच्या रूपाने उभा राहिला होता. विपरीत असेल तर आपल्या मनात या दोहोंमध्ये बांधलेली भिंत.

ही भिंत आपल्या मराठी घरांतून पुष्कळ जुनी आहे. ‘पहिलवानाची अक्कल गुडघ्यात’ असे म्हणणारे आपणच, आणि पुस्तकात डोके खुपसून बसणाऱ्या मुलास ‘पुस्तकी किडा’ म्हणून हिणवणारेही आपणच. घरात दोन मुलगे असतील तर एक अभ्यासाचा आणि एक अंगमेहनतीचा, अशी वाटणी वडीलधारी मंडळी सहज करीत. शरीर आणि बुद्धी ही जणू एकाच दौलतीतील भाऊबंदकी. एकाला दिले की दुसऱ्याचे कमी होणार! कालिदासाने ‘कुमारसंभवा’त शरीराला धर्माचरणाचे पहिले साधन म्हटले आहे, हे वचन आपण भाषणांतून शतवार ऐकतो. परंतु वार्षिक परीक्षा तोंडावर आली की पहिली कात्री लागते ती खेळाच्या तासाला. मुलाच्या मेंदूची वाढ आणि त्याच्या शरीराचा दम यांचा परस्परांशी खरोखर काही संबंध आहे काय, हा प्रश्न म्हणूनच केवळ शास्त्रज्ञांचा नाही, तर प्रत्येक घरातील वेळापत्रकाचा आहे. त्याचा इतिहास पाहू गेल्यास आपणां महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांना विशेष आपुलकीची वाटावीत अशी काही प्रकरणे त्यात सापडतात. त्यांतील पहिले या तमिळ भूमीतीलच आहे, आणि ते मराठी आहे.

तंजावरचे सरफोजीराजे दुसरे यांचे नाव आपल्याला सरस्वती महालाच्या ग्रंथसंग्रहामुळे ठाऊक असते. त्यांच्या छत्रांची आठवण मात्र आपण क्वचितच काढतो. छत्र म्हणजे रामेश्वरच्या वाटेवरील यात्रेकरूंसाठी राजघराण्याने बांधलेली अन्नछत्रे व धर्मशाळा. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनी सरकारकडे गेला. पुढे १८०१ साली, ही छत्रे तरी आपल्या हाती राहावीत म्हणून राजांनी कंपनीच्या रेसिडेंटास एक पत्र लिहिले, आणि छत्रांतून काय चालते याचा तपशील त्यात दिला. परक्या वाटसरूंची जी मुले तेथे पोरकी होत, ती छत्रातील पंतोजीच्या स्वाधीन केली जात. त्यांना दिवसातून तीन वेळा जेवण मिळे, दर चौथ्या दिवशी त्यांच्या अंगाला तेल लावले जाई, आजारात औषध मिळे, अंगावर घालावयास कपडे मिळत, आणि ज्या विद्येकडे ज्याचा कल असेल ती विद्या त्याला शिकवली जाई.

या तपशिलातील क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. अन्न, तेल, औषध, वस्त्र आणि मग विद्या. पोरक्या मुलाला अक्षरे शिकवावयाची तर आधी त्याचे अंग नीट झाले पाहिजे, ही समज त्या मांडणीत आहे. त्यात मेंदूचे शास्त्र नाही, आणि ते असण्याचा तो काळही नव्हता. घरातल्या आजीला जे कळते तेच राजाने दरबारी खर्चाच्या यादीत घातले, एवढेच. परंतु अशा साध्या गोष्टींना सरकारी दप्तरात जागा मिळण्यास पुढे किती काळ लागला, हे पाहिले म्हणजे तंजावरच्या त्या पत्राचे मोल कळते.

खुद्द महाराष्ट्रात बलोपासनेची परंपरा याहून जुनी, आणि ती आपणां सर्वांच्या अभिमानाचा विषय. समर्थांनी स्थापिलेले मारुती, गावोगावच्या तालमी, दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेले आणि मल्लखांबाचे पुनरुज्जीवक म्हणून ओळखले जाणारे बाळंभटदादा देवधर ही नावे मराठी मुलाच्या कानावर बालपणीच पडतात. पण प्रामाणिकपणे पाहिले तर या परंपरेचे ध्येय निराळे होते. बळ कमवावयाचे ते स्वसंरक्षणासाठी, राष्ट्रासाठी, ब्रह्मचर्यासाठी. ‘दंड-बैठका काढल्याने मुलाचे गणित सुधारेल’ असे तालमीच्या वस्तादाने कधी म्हटले नाही, आणि कोणी त्याला तसे विचारलेही नाही. शिवाय तालमीची दारे मुलींना बहुधा बंदच असत. अर्ध्या समाजाला वगळून चाललेली ही उपासना होती, हेही नोंदवून ठेवले पाहिजे.

शरीर आणि विद्या यांची जोड स्वतःच्या आयुष्यात घालून पाहणारा एक विद्यार्थी मात्र त्या काळात होऊन गेला. १८७३ च्या सुमारास बळवंतराव टिळक डेक्कन कॉलेजात दाखल झाले, तेव्हा त्यांची प्रकृती किरकोळ होती. पहिले वर्ष त्यांनी व्यायाम, पोहणे आणि कुस्ती यांस वाहून टाकले आणि त्या वर्षीच्या परीक्षेत ते अनुत्तीर्ण झाले. ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो खरे. पण आज आपल्यापैकी कोणाच्या मुलाने असे केले तर घरात काय प्रसंग ओढवेल याची कल्पनाच केलेली बरी! वर्ष बुडाले ते बुडाले. पुढे मंडालेच्या तुरुंगात, पन्नाशी उलटल्यावर, मधुमेहासारख्या विकाराशी झगडत ‘गीतारहस्या’सारखा ग्रंथ लिहिण्याचे बळ त्या एका वर्षातूनच आले, असे सिद्ध करता येणार नाही. एका थोर पुरुषाच्या चरित्रावरून शास्त्रीय नियम काढू नये. परंतु शरीरासाठी दिलेला वेळ हा विद्येतून चोरलेला वेळ नव्हे, अशी त्या तरुणाची खात्री होती, एवढे या प्रकरणातून निश्चित दिसते.

इंग्रजी अमदानीत शाळा वाढल्या आणि शाळांतून ‘ड्रिल’ आले. ते शिकवावयास बहुधा पलटणीतून निवृत्त झालेला एखादा हवालदार नेमीत. रांगेत उभे राहावे, हुकूम झाला की हात वर, हुकूम झाला की हात खाली. मुलांच्या लेखी ती आणखी एक शिक्षा असे. मुलाने स्वतः काही ठरवावे, फसावे, पुन्हा प्रयत्न करावा, याला त्या कवायतीत जागाच नव्हती. मद्रास इलाख्यातील स्थितीही याहून वेगळी नव्हती.

अशा वेळी, १९१९ साली, हॅरी क्रो बक नावाचे एक अमेरिकन गृहस्थ मद्रासेस आले. मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथील वाय. एम. सी. ए. च्या प्रशिक्षण महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले होते. ही संस्था कोणती, हे सांगितले म्हणजे त्यांच्या दृष्टीची कल्पना येईल. थंडीच्या दिवसांत बंद खोलीत कवायत करून कंटाळलेल्या विद्यार्थ्यांसाठी जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ साली सज्जाच्या कठड्याला टोपल्या लावून बास्केटबॉल हा खेळ शोधून काढला, तो याच संस्थेत. तेथीलच ल्यूथर गुलिक यांनी त्रिकोणाचे एक चिन्ह प्रचारात आणले. त्या त्रिकोणाच्या तीन बाजू म्हणजे शरीर, मन आणि आत्मा. एक बाजू काढून घेतली तर त्रिकोण उरत नाही. पंथ त्यांचा, प्रचार त्यांचा. आपण त्यात शिरण्याचे कारण नाही. परंतु शरीरशिक्षण हे शिक्षणाचेच एक अंग आहे, पलटणीचे नव्हे, हा त्या चिन्हाचा अर्थ शिक्षणाच्या इतिहासात महत्त्वाचा ठरला.

बक यांनी १९२० साली मद्रासेत शरीरशिक्षण शिक्षकांसाठी शाळा काढली. आशिया खंडातील या प्रकारची ही पहिली संस्था म्हणून ओळखली जाते. आरंभी तिचा पसारा अगदी लहान होता. पुढे तिचे महाविद्यालय झाले आणि अड्यार नदीजवळच्या विस्तीर्ण जागेत तिचा संसार थाटला गेला. ज्या मैदानावरून या लेखास आरंभ केला ते मैदान हेच. हवालदाराच्या जागी शिकलेला शिक्षक नेमावा. त्याने शरीररचना, आरोग्य आणि बालस्वभाव यांचा अभ्यास केलेला असावा. मूठभर चपळ मुलांचा संघ तयार करून चषक जिंकण्यापेक्षा शाळेतील प्रत्येक मुलाने खेळावे, हा बक यांचा आग्रह होता. तेथून शिकून गेलेले शिक्षक देशभरच्या शाळा-महाविद्यालयांत पसरले. संस्थेने ‘व्यायाम’ याच नावाचे एक नियतकालिक चालविले. आपल्या ओळखीचा हा शब्द एका अमेरिकन माणसाच्या इंग्रजी नियतकालिकाचे नाव झाला, याचे एखाद्या मराठी वाचकास कौतुक वाटल्यावाचून राहणार नाही. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय संघाबरोबरही बक होते. १९४३ साली त्यांचे निधन झाले.

आता योगायोग पाहा. ज्या वर्षी या शाळेचा आरंभ झाला, त्याच वर्षी, त्याच शहरात, तेथून फार दूर नसलेल्या थाउजंड लाइट्स भागातील एका महापालिकेच्या शाळेत दुसरी एक घटना घडली. सर पिट्टी त्यागराय चेट्टी हे तेव्हा महापालिकेचे अध्यक्ष होते. गरिबांची मुले शाळेत येत नाहीत, आली तर टिकत नाहीत, याचे कारण पोटात आहे हे त्यांच्या ध्यानी आले. दर मुलामागे दररोज एक आण्याहून अधिक खर्च होऊ नये अशा बेताने शाळेत मुलांना दुपारचा फराळ देण्याचा ठराव सप्टेंबर १९२० मध्ये महापालिकेने संमत केला. पुढे आणखी चार शाळांत ही सोय झाली, आणि या शाळांची पटसंख्या भराभर वाढली.

आपल्यापैकी ज्यांची हयात सरकारी दप्तरात गेली आहे त्यांना पुढील हकीकत अपरिचित वाटणार नाही. प्राथमिक शिक्षणाच्या निधीतून जेवणाचा खर्च करता येणार नाही, अशी हरकत सरकारकडून निघाली, आणि १९२५ साली ही योजना बंद पडली. खर्च कोणत्या सदराखाली टाकावा, एवढ्यावर मुलांचे जेवण अडले! शिक्षण म्हणजे काय याची व्याख्याच त्या हरकतीत दडलेली होती. पाटी हे शिक्षण. तोंडातला घास हे शिक्षण नव्हे. तंजावरच्या राजाने सव्वाशे वर्षांपूर्वी अन्न, तेल आणि विद्या एकाच यादीत घातली होती; आता ती वेगवेगळ्या सदरांत वाटली गेली. पुढे लोकांच्या आग्रहाने काही शाळांत जेवण पुन्हा सुरू झाले. १९५६ साली कामराज यांनी ही योजना राज्याच्या पातळीवर नेली, १९८२ साली एम. जी. रामचंद्रन यांनी तिचा मोठा विस्तार केला, आणि २०२२ साली तमिळनाडूतील सरकारी प्राथमिक शाळांत सकाळच्या न्याहारीचीही योजना निघाली. थाउजंड लाइट्समधील त्या एका आण्याचे हे वंशज आहेत.

याच दशकात महाराष्ट्रातही शरीरशिक्षणाचे वारे वाहत होते. अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ साली श्री हनुमान आखाडा काढला होता. त्यातूनच हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले, आणि त्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला करून दाखविले. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार आपल्या संस्थानच्या शाळांतून सुरू केले. बडोद्यास प्रोफेसर माणिकरावांच्या तालमीत तयार झालेल्या जगन्नाथ गणेश गुणे यांनी, म्हणजे स्वामी कुवलयानंदांनी, १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले, आणि योगक्रियांच्या वेळी शरीरात नेमके काय घडते हे क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासावयास आरंभ केला. पुढे १९३७ साली मुंबई सरकारने शारीरिक शिक्षणासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, आणि १९३८ साली मुंबईजवळ कांदिवली येथे शरीरशिक्षण शिक्षकांची सरकारी संस्था निघाली. मद्रास आणि महाराष्ट्र हे दोन प्रवाह वेगवेगळ्या उगमांतून निघाले. एकात खेळांवर भर होता, दुसऱ्यात उपासनेवर. परंतु शरीराला शाळेच्या उंबरठ्याबाहेर ठेवू नये, या एका गोष्टीवर दोघांचेही मत पडले होते.

या सर्व थोर माणसांजवळ श्रद्धा होती, अनुभव होता, तळमळ होती. एक गोष्ट मात्र नव्हती. धावणाऱ्या मुलाच्या डोक्यात काय घडते, हे पाहण्याचे साधन नव्हते. ते साधन हाती आले गेल्या तीस-पस्तीस वर्षांत.

१९९९ साली कॅलिफोर्नियातील साल्क संस्थेच्या शास्त्रज्ञांनी असे दाखविले की, ज्या उंदरांच्या पिंजऱ्यात धावण्याचे चाक ठेवलेले असते त्यांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागात नव्या पेशी अधिक संख्येने जन्मतात आणि टिकतात. हा भाग नव्या आठवणी साठविण्याच्या कामी येतो. उंदीर म्हणजे मूल नव्हे, हे खरे. परंतु २०१० साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी नऊ-दहा वर्षांच्या मुलांच्या मेंदूची चुंबकीय छायाचित्रे घेतली. धावण्याच्या पट्ट्यावर ज्यांचा दम अधिक टिकला त्या मुलांचा हाच भाग आकाराने मोठा आढळला, आणि दोन गोष्टींतील संबंध ध्यानात ठेवण्याच्या कसोटीवरही ती मुले सरस ठरली.

येथे चतुर वाचक विचारील की, मुळात सुखवस्तू आणि हुशार घरातील मुलेच खेळतही असतील, तर श्रेय खेळाला का द्यावे? शंका रास्त आहे. त्याच विद्यापीठात २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सात ते नऊ वर्षांची २२१ मुले घेतली, आणि चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे त्यांचे दोन गट पाडले. एका गटास नऊ महिने रोज शाळा सुटल्यावर तासाभराहून अधिक वेळ खेळविले. दुसऱ्या गटास वाट पाहावयास सांगितले. नऊ महिन्यांनंतर पहिल्या गटातील मुले दोन बाबतींत पुढे गेलेली दिसली: मनात आलेली चुकीची कृती वेळीच आवरणे, आणि नियम बदलला की मन त्वरेने नव्या नियमाकडे वळविणे. जी मुले अधिक दिवस हजर राहिली त्यांची प्रगतीही अधिक होती.

तिसरा पुरावा स्वीडनचा. १९५० ते १९७६ या काळात जन्मलेल्या बारा लाखांहून अधिक पुरुषांच्या लष्करभरतीच्या नोंदी तपासून २००९ साली असा निष्कर्ष निघाला की, अठराव्या वर्षी ज्यांची हृदय-फुप्फुसांची क्षमता चांगली होती, त्यांचे बुद्धिमापनातील गुणही अधिक होते. जुळ्या भावांची तुलना करूनही हा संबंध टिकून राहिला. म्हणजे सर्व श्रेय आनुवंशिकतेला देता येत नाही. पंधरा ते अठरा या वयात ज्यांची ही क्षमता वाढली, त्यांचे गुण अधिक चांगले होते. याउलट स्नायूंच्या ताकदीशी बुद्धीचा संबंध अगदी क्षीण आढळला.

हा शेवटचा मुद्दा आपणां मराठी लोकांनी विशेष ध्यानात घ्यावा. मेंदूच्या दृष्टीने महत्त्व आहे ते बळापेक्षा दमाला. दंडाची बेटकुळी किती फुगते यापेक्षा मूल किती वेळ न थकता धावते, हे अधिक महत्त्वाचे. म्हणजे तालमीच्या वस्तादाविषयीचा आपला पुरातन विनोद आणि पुरातन अभिमान या दोहोंनाही थोडी मुरड घातली पाहिजे. आणि दमाबरोबर ज्या दुसऱ्या गुणाची वाढ इलिनॉयच्या प्रयोगात दिसली, तो मन आवरण्याचा गुण आपल्या अंगणातील एका खेळात मूर्तिमंत आहे. खो-खोमध्ये पाठलाग करणाऱ्या गड्याने एकदा दिशा धरली की त्याला मागे फिरता येत नाही, मधली रेषा ओलांडता येत नाही; पळणारा समोर, हाताच्या अंतरावर असला तरी मोह आवरून बसलेल्या सोबत्याला ‘खो’ द्यावा लागतो. क्षणाक्षणाला आवरणे आणि क्षणाक्षणाला वळणे! हवालदाराच्या कवायतीत ही गोष्ट नव्हती; तेथे ठरविणारा दुसराच असे. या खेळाचा प्रयोगशाळेत कोणी कस लावला आहे असा माझा दावा नाही. परंतु बक यांनी कवायतीऐवजी खेळाची बाजू का घेतली असावी, हे आता अधिक स्पष्ट दिसते.

आणि थाउजंड लाइट्सच्या शाळेतील त्या फराळाचे काय? त्याचाही हिशेब याच शास्त्राने मांडला आहे. प्रौढ माणसाचे शरीर आपल्या विश्रांतीच्या वेळच्या ऊर्जेचा सुमारे पाचवा हिस्सा मेंदूसाठी खर्च करते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार पाच वर्षांच्या सुमारास मुलाच्या बाबतीत हाच हिस्सा दोनतृतीयांशाच्या घरात जातो. मेंदूची भूक शरीराच्या वाढीचाही वाटा खाऊन टाकते. अशा मुलाला उपाशी ठेवून पळविणे हा व्यायाम नव्हे, क्रौर्य होय. म्हणून १९२० साली मद्रासेत घडलेल्या त्या दोन घटना वेगवेगळ्या सदराखाली घालण्याजोग्या नाहीत. आधी घास, मग धाव आणि मग अक्षर. तंजावरच्या यादीतील क्रमाच्या अगदी जवळ आपण फिरून येतो.

अतिशयोक्ती मात्र टाळली पाहिजे. खेळणारे प्रत्येक मूल पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होईल, असे वरील कोणत्याही संशोधनाने म्हटलेले नाही. दिसून आलेला लाभ माफक आहे, स्वीडनच्या नोंदी केवळ पुरुषांच्या आहेत, आणि बहुतेक प्रयोग संपन्न देशांतील आहेत. जे मूल चालू-धावू शकत नाही त्याची बुद्धी त्यामुळे खुंटते, असा अर्थ तर कोणीही काढू नये. मेंदूला वाढीच्या वाटा पुष्कळ आहेत. सांगावयाचे आहे ते एवढेच की, खेळाचा तास काढून घेतल्याने अभ्यासाला काही मिळते ही आपली समजूत निराधार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी साठ मिनिटे अंगाला घाम आणणारी हालचाल हवी, असे सांगितले आहे. आपल्या मुलांच्या दिनक्रमात ही साठ मिनिटे कोठे आहेत, हे ज्याने त्याने मोजून पाहावे.

आपणां बदलीवर असलेल्या कुटुंबांना तर हा प्रश्न अधिकच निकडीचा आहे. दर तीन-चार वर्षांनी मुलाची शाळा बदलते, मित्र बदलतात, भाषा बदलते. बुडालेला अभ्यास भरून काढण्यासाठी आपण तत्काळ शिकवणी लावतो, आणि ती नेमकी संध्याकाळच्या खेळाच्या वेळेवर येते. प्रस्तुत लेखकानेही हेच केले आहे. दक्षिणेत पहिली बदली झाली तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा होता. शाळेतील खेळाचा तास गणिताकडे गेला, तेव्हा तक्रार करण्याऐवजी आम्ही समाधान मानले, आणि घरी संध्याकाळी आणखी एक शिकवणी ठेवली. वर्षभर मुलगा घुमा होऊन राहिला. पुढे वसाहतीतील पोरांनी त्याला एके दिवशी मैदानात ओढून नेले. तेथे ‘सडुगुडु’ चालले होते. आपला हुतुतू तमिळ मुलखात याच नावाने ओळखला जातो. शब्द एकही कळत नव्हता, पण खेळ सगळा कळत होता. दम धरून तो पलीकडच्या बाजूला गेला आणि परत आला, आणि त्या संध्याकाळी घरी येऊन त्याने पहिले तमिळ वाक्य बोलून दाखविले. शिकवणीने जे वर्षभरात साधले नाही ते पटांगणाने महिन्याभरात साधले. एका मुलाच्या अनुभवावरून नियम काढू नये, असे मी वर टिळकांच्या बाबतीत म्हटले आहे. ते येथेही लागू आहे. तरी बापाच्या मनाला जो धडा मिळावयाचा तो मिळाला.

तेव्हा आपल्या हाती काय आहे? फार नाही, पण थोडे निश्चित आहे. मुलाच्या नव्या शाळेत नाव घालताना आपण निकाल विचारतो, शिक्षक विचारतो, बसची सोय विचारतो. त्याबरोबर मैदान कोठे आहे आणि मुलांना, तसेच मुलींना, त्यावर रोज किती वेळ सोडतात हेही विचारावे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेला मैदान असण्याची अपेक्षा नमूद केलेली आहे. तेव्हा हा प्रश्न विचारणे म्हणजे मेहेरबानी मागणे नव्हे. परीक्षेच्या आधी खेळाचा तास काढून घेतला गेला तर एका पालकाने तरी उठून ‘का?’ म्हणावे. आणि जे आपल्यापैकी अधिकारपदावर आहेत, त्यांच्यासमोर एखाद्या शाळेच्या जेवणाचा वा मैदानाचा कागद आला, तर तो कोणत्या सदरात बसतो एवढेच न पाहता, १९२५ साली अशाच एका हरकतीने मद्रासच्या मुलांच्या तोंडचा घास कसा गेला, याची आठवण ठेवावी.

नंदनमचा ग्रंथमेळा संपला की पुस्तकांच्या पेट्या भरल्या जातात, मांडव उतरतात आणि मैदान पुन्हा मोकळे होते. गेल्या खेपेस शेवटच्या दिवशी आम्ही तेथे होतो. नातवाने हट्ट करून घेतलेली दोन पुस्तके माझ्या हाती दिली आणि मांडवाच्या बाहेर जी मोकळी जागा होती तिच्यावर तो भरधाव धावत सुटला. त्याला हाक मारण्यासाठी तोंड उघडले होते. पण तीस वर्षांपूर्वी केलेली चूक आठवली, आणि पुस्तके सांभाळीत मी स्वस्थ उभा राहिलो.